तळ्याकाठी एका घराची जागा

हेरन तळं, मोंटाना
१४ ऑक्टोबर

प्रिय ऑर्लन,

तिकडे ॲरिझोनात अजून घाम निघत असेल. इथे काल सकाळी घोड्यांच्या पाण्यावर बर्फाचा पापुद्रा धरला होता. लार्चची झाडं पिवळी झालीत, क्रौंच दक्षिणेला गेले. वासरं ट्रकमधून रवाना झाली. त्यांच्या आया अजून कुंपणाशी येऊन हंबरतात, पण रोज थोड्या कमी.

करारावरची तुझी सही पोचली. सोबत चिठ्ठी नव्हती. पाकीट मी झटकूनही पाहिलं. असो.

गेल्या आठवड्यात कराराची सरकारदरबारी नोंद झाली. जमीन आपल्या दोघांचीच राहिली. गुरं चारावीत, गवत कापावं, उद्या विकायची तर खुशाल विकावी. पण तळ्याकाठी वसाहत उभारायची नाही, आपणही नाही आणि आपल्यानंतरच्या मालकानेही नाही. जमीन जपणाऱ्या संस्थेची मारिसा वर्षातून एकदा येऊन फेरी मारणार. पहिल्याच फेरीत तिचा एक बूट चिखलाने गिळला आणि ती एका पायावर उभी राहून हसत सुटली. तेव्हाच ती मला आवडली.

तळ्यापलीकडच्या गॉर्डीने कॅफेत भर गर्दीत विचारलं, "काय आर्डिस, स्वतःच्याच हातात बेड्या घालून घेतल्यास म्हणे?"

"माझ्या नाही रे," मी म्हटलं, "तुझी जमीन ज्यांनी घेतली ना, त्यांच्या हातात घातल्यात."

सगळे हसले, तो नाही. त्याचा पलीकडचा काठ विकून झालाय. आता तिथे मोठं फाटक आहे आणि ते याला उघडता येत नाही. मग बाहेर मला गाडीपाशी गाठून हळूच म्हणाला, "मासे धरायला तुझ्या बाजूला आलो तर चालेल का गं?"

"विचारतोस काय? ये की. येताना बिअर आण."

गॉर्डीचा काठ घेणारा तो बिल्डरही शेवटचा येऊन गेला. फार गोड बोलतो. "बाई, तुमच्या माघारी हे सगळं बघणार कोण?" म्हणाला. त्याचं अगदीच खोटं नव्हतं. कारण... बरं, सांगूनच टाकते. जूनमध्ये मी घोड्यावरून पडले. खुबा बदलावा लागला. तुला कळवू नका, असं मीच सगळ्यांना बजावलं होतं. आता काठी घेऊन चालते, घोडा बंद. गुरं टेस आणि वेड या शेजारच्या नवराबायकोला दिली, चराईही त्यांनाच. पोरं मेहनती आहेत. सकाळी मी कॉफी घेऊन ओट्यावर बसते आणि त्यांच्या कामाला नावं ठेवते. वाटलं होतं, रडू येईल. उलट इतकी गाढ झोप मला कित्येक वर्षांत लागली नव्हती.

बाबांना पुरून आलो त्या दुपारी तू म्हणालास, "मर एकटीच या शेणात." मी मेले नाही आणि एकटीही पडले नाही. सही राग निवला म्हणून केलीस की कटकट मिटावी म्हणून, हे मी विचारणार नाही. केलीस, एवढं मला पुरे.

आता शेवटचं. मारिसा म्हणत होती, काहीच बांधायचं नाही असं ठरवलं तर करार सरळ होईल. मी अडून बसले. एक घर हवंच, एकच, पूर्वेच्या उतारावर. ते वकिलाने तुला सांगितलं असेल. कुणासाठी, ते त्यालाही ठाऊक नाही. मारिसाने मात्र विचारलं, तेव्हा मी म्हटलं, "माझा एक भाऊ आहे. कधीतरी त्याला उन्हाचा कंटाळा येईल."

बांध, नाहीतर नको बांधूस. नुसता तंबू ठोकलास तरी चालेल. त्या उतारावर ऊन सगळ्यांआधी येतं. आणि तू चूल पेटवलीस, तर धूर मला ओट्यावरून दिसेल.

हाकेच्या अंतरावर राहायला तयार असलेली
तुझी बहीण,
आर्डिस