क कोणाला

सोमवार, ३ फेब्रुवारी

चिठ्ठी निघाली आणि संघप्रमुख मी! आजवर कुठल्या सोडतीत मला साबणाची वडीसुद्धा लागलेली नाही. आणि लागायचं तर हे लागलं.

व्यवस्थापनाच्या पदवीचं शेवटचं सत्र. त्यातला हा शेवटचा प्रकल्प — चौघांनी मिळून एखाद्या छोट्या धंद्यात शिरायचं आणि त्याची एक अडचण सोडवून दाखवायची. आमच्या वाट्याला बाजारामागची लॉन्ड्री आली. संघात माझी मावसबहीण (घरी तीच, खोलीत तीच, आता इथेही तीच), मुकादम आणि मौनी. मुकादमाला मुकादम म्हणतात कारण कुठलंही काम चालू असलं की तो शेजारी कमरेवर हात ठेवून उभा असतो. मौनी बोलतच नाही. हजेरीलासुद्धा फक्त हात वर करते.

"प्रमुख मी झालो असतो तर बरं झालं असतं," मुकादम म्हणाला. मलाही तेच वाटतं, पण त्याला सांगितलं नाही.

बुधवार, ५ फेब्रुवारी

फलकावर सूचना लागली.

आमचे नवे विभागप्रमुख — आम्ही त्यांना शब्दकोश म्हणतो. मार्केटिंगला विपणन, टार्गेटला लक्ष्यांक, मीटिंगला सभा. कोणी 'फीडबॅक' म्हटलं की दोन्ही कानांवर हात ठेवतात. तर सूचना त्यांचीच: 'प्रत्येक संघप्रमुखाने आपल्या संघातील एका सदस्याचे नाव क श्रेणीसाठी बंद पाकिटातून द्यावे. प्रमुखही सदस्य समजावा. नाव एकच.'

तासाला त्यांनी फळ्यावर मोठा डोंगर काढला. "हा घंटावक्र," म्हणाले. म्हणजे बेल कर्व्ह. मागच्या बाकावरून कोणीतरी हळूच "घंटा" म्हटलं आणि अर्धा वर्ग खाली वाकून हसला. मीही हसले. मग ते म्हणाले, "बहुतेक माणसं मधे असतात. टोकाला एखादाच असतो. तो ओळखता येणं, हेच व्यवस्थापन." हसू गेलं.

मागच्या वर्षी इथूनच पास होऊन गेलेल्या एकीला फोन केला. ती म्हणाली, "आमच्या वेळी अ, ब, क होतं. क म्हणजे विषय पुन्हा, अख्खं सत्र पुन्हा. पण कोणाला तरी द्यायलाच हवा अशी सक्ती नव्हती गं. तुमचं अवघड आहे." आभार मानून फोन ठेवला. इतकं नेमकं नैराश्य क्वचितच कोणी देतं.

म्हणजे चौघांपैकी एकाला मी अडकवायचं. मी! मला दुकानदाराकडे सदोष छत्री परत करता येत नाही.

शनिवार, ८ फेब्रुवारी

लॉन्ड्रीचा पहिला पूर्ण दिवस. लॉन्ड्रीवाल्या बाई दणकट आणि गडबडीत. "शिका, पण मधे मधे येऊ नका," म्हणाल्या. अडचण साधी आहे: कपडे अदलाबदल होतात. कागदाच्या चिठ्ठ्या वाफेने सुटतात. मी सुचवलं, गठ्ठ्यागणिक रंगीत दोरे बांधू, प्रत्येक गिऱ्हाइकाला एक रंग. बाईंना पटलं! मौनीने मुकाट्याने तक्ता काढला. मावसबहीण दोरे बांधायला बसली. मुकादम इस्त्रीच्या टेबलाजवळ उभा राहून वाफ कुठून येते ते बघत होता.

घरी येताना मावसबहीण म्हणाली, "ताई, मला हे काम आवडलं." ती गेल्या दोन वर्षांत कुठल्याच विषयाबद्दल असं म्हणाली नव्हती.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

व्हायचं तेच झालं. दातांच्या डॉक्टरांचे पांढरे कोट सलूनमध्ये गेले आणि सलूनचे डॉक्टरांकडे. डॉक्टरांनी न बघता घातला. पेशंट तोंड उघडून झोपलेला आणि डॉक्टरांच्या खिशावर 'केस व दाढी' शिवलेलं! पेशंट उठून बसला म्हणे.

दोरे मावसबहिणीने बांधले होते. निळा तिथे हिरवा, हिरवा तिथे निळा. बाई तिच्यावर अशा बरसल्या की शेजारचा चहावाला बघायला आला. ती दोऱ्याचं रीळ हातात फिरवत उभी राहिली. मी पुढे होऊन बोलायला हवं होतं. लॉन्ड्रीतल्या त्या पिवळ्या दिव्याखाली निळा आणि हिरवा सारखाच दिसतो. रंग निवडले होते मी, भर उन्हात, दुकानाच्या दारात उभं राहून.

मुकादम बाहेर येऊन मला म्हणाला, "तुझं काम सोपं झालं." क्षणभर मला कळलं नाही. मग कळलं.

बुधवार, १२ फेब्रुवारी

मावशीचा फोन. आईशी बोलत होती, पण आवाज इतका की मला सगळं ऐकू आलं. "या खेपेला अडकली तर घेऊन येते मी तिला परत. शिक्षण पुरे झालं. इथे दुकानात बसेल." मावसबहीण स्वयंपाकघरात ताटं पुसत होती. तेच ताट बराच वेळ पुसत राहिली.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

आज एक धाडस केलं. शब्दकोशांच्या केबिनमध्ये गेले. एकटी. बाकीच्या संघांतल्या प्रमुखांना विचारलं होतं, येता का, तर एकालाही वेळ नव्हता. मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार!

"सर, क द्यायलाच हवा का?"

"द्यायलाच हवा. आणि मुरवत ठेवू नका. मैत्री, नातं, काही नाही."

"कोणालाच नाही दिला तर?"

"मग तुम्हाला माणसं ओळखता येत नाहीत, असं मी समजेन."

तरी विचारलं, "क मिळालेल्याचं पुढे काय होतं सर?"

ते पहिल्यांदा हसले. "तो माझ्याकडे येईल. पुढे सत्रभर. त्याच्याकडून मी चांगलं काम करून घेणार आहे." वर म्हणाले, "आणि हो, आधी कोणाला सांगू नका. संघ फुटतो."

हात दाखवून अवलक्षण! निदान आधी शंका तरी होती. आता खात्री झाली: सत्रभर, त्यांच्याकडे, राबवून घेणार. बाहेर आले तर मुकादम जिन्यात. "काय म्हणाले?" "काही नाही." सांगू नका म्हणाले होते ना.

शनिवार, १५ फेब्रुवारी

मुकादमाने आज मला कॉफी पाजली. त्याने आजवर कोणाला पाण्याचा ग्लाससुद्धा दिल्याचं मी पाहिलेलं नाही. एका गोदामात त्याची नोकरी पक्की झाली आहे, पण अट एकच — पदवी याच सत्रात हातात हवी. "वडील घरीच असतात आता," एवढंच म्हणाला. कमरेवर हात नव्हते. दोन्ही हात कपाभोवती. मला तो असा आवडत नाही. उंटावरचा शहाणा असतो तेव्हा निदान राग तरी येतो.

आणि मौनी? तिचं नाव मनात आणणंसुद्धा पाप आहे. सगळे तक्ते तिचे, मोजमाप तिचं. दोरे बदलायला हवेत हे काल तिनेच दाखवलं — निळा काढून पांढरा-काळा पिळाचा दोरा माझ्या हातात ठेवला, झालं. पण एक घाणेरडा विचार येऊन गेला, इथे लिहितेच: तिचं नाव दिलं तर ती भांडणार नाही. मला स्वतःची शिसारी आली.

रविवार, १६ फेब्रुवारी

वर्गात शिकवलेले चार चौकोन काढले. सामर्थ्य, उणिवा, संधी, धोके. प्रत्येकाचे. मावसबहिणीचा उणिवांचा चौकोन भरला आणि ती शेजारच्या पलंगावरून म्हणाली, "ताई, काय लिहितेस एवढं?" मी वहीवर उशी ठेवली.

सोमवार, १७ फेब्रुवारी

बाबांना सांगितलं. नावं न घेता. बाबा बस डेपोत ड्यूट्या लावतात, सगळ्यांच्या शिव्या खाण्यात आयुष्य गेलं. ते म्हणाले, "पहाटेची गाडी कोणाला तरी द्यावीच लागते. मी एकच बघतो. ज्याला तोंडावर सांगता येईल, त्याचंच नाव लिहितो. ज्याच्यासमोर मान खाली जाईल, त्याचं लिहीत नाही."

"आणि कोणालाच तोंडावर सांगता येत नसेल तर?"

"तर मग तुझं अवघड आहे," बाबा म्हणाले आणि बूट पुसायला लागले.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

जेवण गेलं नाही. आई म्हणते रंग उतरलाय. उद्या पाकीट द्यायचं.

बुधवार, १९ फेब्रुवारी

दिलं.

सकाळी वाचनालयात बसले. मावसबहिणीचं नाव लिहून पाहिलं, कागद फाडला. मुकादमाचं लिहिलं, फाडला. मग स्वतःचं लिहिलं. हात थांबला नाही. आरशात बघून सांगता येईल असं तेवढं एकच नाव होतं.

उगाच मोठेपणा घ्यायला नको. हा त्याग वगैरे काही नाही, हा भित्रेपणा आहे. कोणाच्या डोळ्याला डोळा देता येत नाही म्हणून स्वतःच्या पायावर धोंडा. जूनपासून मोठ्या दुकानात प्रशिक्षणार्थी म्हणून जायचं होतं, ते गेलं. आईला काय सांगू? तिने शेजारीपाजारी सगळ्यांना सांगून झालंय.

पण पाकीट पेटीत पडलं आणि भूक लागली. खूप दिवसांनी. दोनदा वाढून घेतलं. मावसबहीण बघत राहिली. "दिलंस?" "दिलं." तिने पुढे विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. आता सांगितलं तर ती रडणार, मग मी रडणार, आणि मग मोठेपणा घेतल्यासारखंच होणार. निकालात कळेलच.

शनिवार, २२ फेब्रुवारी

सादरीकरण झालं. लॉन्ड्रीवाल्या बाई स्वतः आल्या, इस्त्रीची साडी नेसून. पिळाचा दोरा लागल्यापासून एकही कपडा चुकला नाही, असं उभं राहून सांगितलं. मुकादम छान बोलला, त्याला उभं राहायची सवय आहेच. मौनी तीन वाक्यं बोलली! मी मोजली. मावसबहिणीने दोरा बांधून दाखवला. तिघांकडे बघून वाटलं, बरोबर केलं मी. भित्रेपणाने केलं, पण बरोबर केलं.

सोमवारी निकाल. आई-बाबांना आधी सांगावं की नंतर? नंतर.

सोमवार, २४ फेब्रुवारी

फलकावर सगळ्यात वर, शब्दकोशांच्या वळणदार अक्षरात: 'क — कर्तबगार. ख — खात्रीचे. ग — गाफील.' क, ख, ग! अ, ब, क नव्हेच. व्यंजनांतला पहिला तो पहिला. क वाल्यांना पदवीनंतर सत्रभर त्यांच्या हाताखाली एका कंपनीत काम, आणि मग तिथेच नोकरी. बाकी सगळे ख, सगळे पास. बाकीच्या संघांत क मिळालाय तो झोपाळूंना आणि दांडीबहाद्दरांना. त्यांचे प्रमुख हूं की चूं करत नाहीत. करणार तरी कसं? आणि स्वतःचंच नाव देणारी मी एकटी.

मुकादम म्हणाला, "केबिनमध्ये एकटी गेली होतीस ना. तरीच." मी सांगायला तोंड उघडलं तेवढ्यात शब्दकोश आले आणि भर वर्गात म्हणाले, "ही एकटीच विचारायला आली होती. सगळं नीट समजून घेऊन निर्णय घेतला हिने." मौनी उठून गेली.

घरी मावसबहिणीला पहिल्यापासून सगळं सांगितलं. शपथ घेतली. तिने ऐकून घेतलं, माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "असू दे ताई. आधी सांगितलं असतंस ना, तर मीच म्हटलं असतं, तुझंच लिही."