नव्या नळीची चाचणी

अब्बा, हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून मोकळेपणाने लिहिते. काल डॉक्टरांनी मला मोतीबिंदू सांगितला आणि साठच्या दशकातला शारजाबाहेरचा तो माळ आठवला. तेव्हा तिकडे डांबरी रस्ताही नव्हता. नव्या नळीची चाचणी घ्यायला निघताना तुम्ही मला जीपमध्ये बसवलंत, तेव्हा अम्मी म्हणाली, "बंदुकीच्या कामात पोरीचं काय?" तुम्ही म्हणालात, "दुर्बिणीतून निशाणावरची भोकं बघायला कुणीतरी हवं." ते अर्धंच खरं होतं. कानशीने घासलेली कड त्या दिवसांत तुम्ही डोळ्यांनी नव्हे, अंगठ्याने तपासत होतात. बंदुका दुरुस्त करणाऱ्या माणसाला नीट दिसत नाही, हे आपल्या दोघांनाच ठाऊक होतं आणि त्यावर आपण कधी बोललो नव्हतो.

बंदूक एका अरब व्यापाऱ्याची होती. जुनी नळी आतून गंजली म्हणून तुम्ही नवी बसवली होती आणि त्याच आठवड्यात त्याचा थोरला मुलगा ती घेऊन हरणांच्या शिकारीला निघणार होता; दोघेही चाचणी पाहायला माळावर आले होते. पहिला बार काढताना तुम्ही बंदूक लॉरीच्या टायरला बांधता आणि वाळूच्या ढिगाआडून चापाची दोरी ओढता. नळी फुटली तर टायरच जाईल, हे मला कळतं, तरी मी तुमची बाही घट्ट धरून ठेवते. बार निघतो. काही होत नाही. मग तुम्ही बंदूक पोत्यांवर टेकवून स्वतः नेम धरता. "डावीकडे गेली, चार बोटं," मी दुर्बिणीतून सांगते. तुम्ही नळीच्या टोकावरची नेम धरायची माशी किंचित सरकवता. पुढची गोळी बरोबर काळ्या ठिपक्यात. व्यापारी खूश होऊन म्हणतो, "खलास, काम हो गया! यल्ला, चलो, अब मेरे बेटे को दो." मुलगा हात पुढे करतो.

तुम्ही मात्र रिकामं काडतूस बोटांत फिरवत राहिलात. त्यांना कळू नये म्हणून आपल्या भाषेत म्हणालात, "बघ गो, बुडाजवळ चकचकीत रेघ दिसते का?" नळी नीट बसली नसेल तर काडतूस ताणलं जातं आणि तशी रेघ उमटते, पुढचं एखादं चालवणाऱ्याच्या तोंडावरच फुटू शकतं, हे तुम्हीच मला सांगितलं होतं. रेघ होती, केसाएवढी. "आहे, अब्बा."

तुम्ही बंदूक छातीशी धरलीत. "मेरी गलती है. नली ठीक नहीं बैठी. आज किसी के हाथ में नहीं दूँगा."

"निशाना तो बराबर है!"

"फिर भी नहीं."

व्यापारी संतापून जे बोलला ते तुम्ही खाली मान घालून ऐकलंत. मुलगा दुसऱ्याची बंदूक मागून शिकारीला गेला. शेजारच्या बलुची कारागिराने मापून पाहिलं, तर आत काडतुसामागे खरंच फट जास्त होती. त्याने ती नळी पुन्हा बसवली आणि नंतरच्या चाचणीत काडतुसं स्वच्छ निघाली. व्यापारी बंदूक घेऊन गेला. त्यानंतर तुम्ही नळ्या बसवणं सोडलंत, लाकडी दस्ते तेवढे करत राहिलात.

त्या दिवशी परतताना तुम्ही जीपमध्ये विचारलं होतंत, "रेघ नक्की होती ना?" मी म्हटलं, "होती." ते खरंच होतं. पण नसती, तरी मी माळावर हेच म्हटलं असतं, अब्बा. तुम्ही ती बंदूक पुन्हा खांद्याला लावायच्या आत मला तुम्हाला त्या माळावरून घरी न्यायचं होतं.