सेक्टरला दोन फेऱ्या

१८ नोव्हेंबर
आजची आयाही गेली. "भाभीजी, माताजी क्या बोलती हैं, कुछ समझ नहीं आता." तिचं तरी काय चुकलं? सासूबाईंची हिंदी गेलीय. पार गेली. उभा जन्म पहाडगंजात काढला, भाजीवाल्याशी अशा भांडायच्या की तो कोथिंबीर फुकट देऊन मोकळा व्हायचा. आता आजारात सगळ्यात आधी हिंदीच पुसली गेली. डॉ. म्हणतात, होतं असं. होत असेल. पण फरीदाबादमध्ये मराठी बोलणारी आया कुठून पैदा करू? म्हणजे मीच. आहेच मी.

२३ नोव्हें.
महाराष्ट्र मंडळाच्या ग्रुपवर सेक्रेटरी देवधरकाकांचा मेसेज. यंदा नाटकाबिटकाच्या जोडीला 'दौड'! आपल्या सेक्टरला दोन फेऱ्या, पाच कि.मी. वाचून हसले. शेजारच्या हरप्रीतला दाखवलं, तर तिनं माझं आणि स्वतःचं, दोघींचं नाव देऊनही टाकलं. "मैं मराठी नहीं तो क्या? भागने में कौन सी भाषा लगती है, यार!"
शाळा सुटल्यावर मी धावले असेन ती फक्त बसमागे.
संध्याकाळी सुधीरला म्हटलं, रोज सकाळी मला तासभर बाहेर जायचंय, तुझ्या आईजवळ तू बस. नवऱ्यानं आधी मोबाइलमधला व्हिडिओ संपवला. मग, "रेसपर्यंतच ना? चल, ठीक आहे."

२ डिसें.
पार्कचं गेट यायच्या आत दम संपला. कुत्री मागे लागली ते वेगळंच. हरप्रीत पुढे जाते, परत येते, पुन्हा पुढे जाते. पोटऱ्या ठणकताहेत, जिना उतरताना कठडा धरावा लागतो.
पण तासभर मला कोणी काही मागितलं नाही. हेच हवं होतं मला. रेस गेली खड्ड्यात.

१४ डिसें.
हवा घाण. समोरची टाकी दिसत नाही. मुक्ताचा बंगळूरहून फोन, "आई, एक्यूआय बघ आधी! पागल झालीस का?" म्हटलं, बाळा, घरात काय हिमालयाची हवा येते? गेले. दिवसभर घसा खवखवतोय.

२९ डिसें.
नाही गेले.
आईंचे कपडे पहाटे ओले झाले होते. मी बूट घालत होते, म्हणून सु. गेला बदलायला. त्यांनी हात लावू दिला नाही. "परका पुरुष घरात कसा आला?" म्हणून आरडाओरडा. पोटचा मुलगा. तो बाल्कनीत जाऊन उभा राहिला. मी बूट काढले, आत गेले, त्यांना पुसलं, पातळ नेसवलं. इतका राग आला, इतका! सु.चा नाही. आईंचाही नाही. मग कुणाचा, ते ठरेना, म्हणून भांडी आपटली.

११ जाने.
आज न थांबता अख्खी एक फेरी!! कोपऱ्यावरच्या चहावाल्याला सांगितलं, तो म्हणाला, "बहुत बढ़िया, आंटी." आंटी काय, आंटी!
घरी कोणाला सांगितलं नाही. सु. खुर्चीतच झोपलेला. आई त्याच्याकडे टक लावून बघत बसलेल्या.

१ फेब्रु.
दौडीची मीटिंग. पाव मिनिट दौडीवर, बाकी सत्कारावर. दिल्लीहून कोणी मोठे साहेब येणार, शाल-श्रीफळ, दीपप्रज्वलन, दोन शब्द. मी म्हटलं, "काका, लोक थंडीत ताटकळतील हो. आधी धावू द्या, मग करा सत्कार."
"छे छे, वैशालीताई, पाहुणे नंतर थांबत नाहीत! आणि साडेसहा म्हणजे साडेसहा. माझा शब्द."
सु.ची दौडीच्या रविवारी ड्यूटी आहे, प्लांटमध्ये ऑडिट. कंपनीची बस आठला नाक्यावर येते. साडेसहाला सुटले तर वेळेत घरी पोचेन. जमेल. जमायलाच हवं.

८ फेब्रु., रविवार
जमलं नाही.
पाहुणेच उशिरा आले. मग समई वाऱ्यानं पेटेना. मग दोन शब्द, ते काही दोन नव्हते. आम्ही सगळे टी-शर्टवर नंबर टाचून कुडकुडत उभे. हरप्रीत कानात, "ये शादी है कि रेस?" सु.ला मेसेज टाकला, उशीर होतोय. त्याचं नुसतं 'ओके'.
सुटलो तेव्हा चांगलं ऊन आलं होतं.
पहिली फेरी बरी गेली. दुसऱ्या फेरीत आमच्या ब्लॉकच्या वळणावर आले आणि दोघं दिसले. सु. ड्यूटीच्या कपड्यात, पाठीला बॅग. एका हातानं आईंना धरलेलं. त्यांचा स्वेटर उलटा. मला सोपवून बस गाठायची, म्हणून खाली उतरलेला. घड्याळ दाखवत होता.
थांबायला हवं होतं. पाय थांबलेही असते. पण मी नाही थांबले. हात केला, ओळखीच्या माणसाला करतात तसा, आणि पुढे गेले.
पोचले. शेवटून कितवी, विचारलं नाही. गळ्यात मेडल पडलं आणि मी रडले. आनंदानं. खोटं कशाला लिहू?
परत आले तर दोघं अजून ब्लॉकच्या गेटापाशीच. बस गेली होती.
"आम्ही दिसलो नाही तुला?"
"दिसलात."
"मग?"
"मग काही नाही."
आईंचा हात माझ्या हातात दिला आणि रिक्षा बघायला गेला.

९ फेब्रु.
अंग आंबलंय. काल सु. ऑडिटला उशिरा पोचला, साहेबानं सगळ्यांसमोर ऐकवलं म्हणे. हे मला त्याच्या फोनवरच्या बोलण्यातून कळलं.
चहा पिताना साधेपणानं म्हणाला, "झाली ना आता रेस. उद्यापासून जरा झोपतो मी."
चहा तसाच सिंकमध्ये ओतला.

१० फेब्रु.
पहाटे उठून बूट घातले. तो जागाच होता.
म्हटलं, "मला जायचंय. रोज. रेस असो नसो."
"आणि आई?"
"तुझ्याच आहेत ना?"
कुशीवरून उताणा झाला. मग छताकडे बघत म्हणाला, "ती मला ओळखत नाही गं."
"मला तरी कुठे ओळखतात? 'बाई' म्हणतात. कामाची बाई समजतात."
त्याला हे माहीत नव्हतं. रोज हाका मारतात, याच्या कानावर कधी पडलंच नाही.
तेवढ्यात आतून, "बाई! अहो बाई!"
मी उठले नाही. बुटांच्या नाड्या पुन्हा बांधत राहिले. दुसरी हाक आली तेव्हा तो उठला. आत गेला, दार लोटून घेतलं.
स्वयंपाकघरात बसून हे लिहितेय. आधी आई ओरडत होत्या, आता कपाट उघडल्याचा आवाज येतोय, मग सु.चं हळू बोलणं. हरप्रीतचे दोन मिस्ड कॉल येऊन गेलेत. बाहेर उजाडतंय.