तांडेलचं डोकं

३ सप्टेंबर २०१७, रविवार
दादाचं डोकं काढलं. म्हणजे साचा. वीस मिनिटं गप बस म्हटलं तर तीनदा हसला, एकदा मोबाइल मागितला. डोळ्यांवर पट्ट्या असताना मोबाइल! केसांवर आईची मासळीची पिशवी बांधली त्यावरून बोंबाबोंब. "भावी, वास मारते गो ही!" मग काय अत्तर लावू? तुझ्याच टकुऱ्यासाठी चाललंय ना हे सगळं.
हाड मोडल्यावर लावतात त्या प्लास्टरच्या पट्ट्या, मेडिकलमधून आणलेल्या, सगळ्या संपल्या. नाकात दोन स्ट्रॉ. उतरवताना डाव्या भुवईचे केस आले, व्हॅसलीन कमी पडलं. त्याने शिवी दिली. मी पण दिली.
मुंबईची स्पर्धा २४ डिसेंबरला. परग्रहवाल्यांचे वेष. आपला आहे तांडेल. जिथे जमीनच नाही, नुसता समुद्र, अशा ग्रहावरच्या जहाजाचा तांडेल, म्हणजे कप्तान. हेल्मेट मी बनवणार, दादा घालणार. जूनमध्येच ठरलंय. मीच म्हटलं होतं तसं.

५ सप्टेंबर
साच्यात पीओपी ओतलं होतं, ते आज सोडवलं. दादा जसाच्या तसा, ओठाच्या कोपऱ्यात हसू पण आलंय. हलू नको म्हटलं होतं.
आई मार्केटातून आली, टोपली खाली ठेवली, फळीवर पांढरं डोकं बघून किंचाळली. जिवंत पोराचं डोकं असं मांडून ठेवतात का घरात? मीठ-मिरची ओवाळली. दादावरून नाही, पीओपीवरून! मग त्यावर टॉवेल टाकला. मी टॉवेल काढते, ती टाकते. दिवसभर हेच.
विचारलं, माझं डोकं असतं तर ओवाळलं असतंस का? म्हणे, "तुझं कशाला कोण काढेल?"

१७ सप्टें.
संताप संताप संताप.
गणपतीवाल्या काकांकडचा उरलेला शाडू. दोन आठवडे रोज थोडा थोडा चढवत होते दादाच्या डोक्यावर. गालांवर कल्ले, माशाचे असतात तसे, तीन तीन. डोक्यावर शेवंडीच्या, म्हणजे लॉबस्टरच्या, पाठीसारख्या पट्ट्या. कपाळापासून हनुवटीपर्यंत काळी काच बसेल एवढी खाच. काल हात लावायची गरज नव्हती इतकं नीट झालं होतं. ओलं फडकं गुंडाळून ठेवलं.
आईने सकाळी फडकं नेलं. बोंबील पुसायला. घरात दुसरं फडकं नव्हतंच जणू! दुपारपर्यंत शाडू तडकला, डावे तिन्ही कल्ले खाली. "मला काय माहीत, चिखलच तर आहे," म्हणे.
बोलले नाही तिच्याशी. डावी बाजू पुन्हा.

२ ऑक्टोबर
सुट्टी. शाडूवरून फायबरचा मोल्ड काढला, दोन भागांत, मध्ये नट-बोल्ट. चिकटू नये म्हणून वॅक्स पाच हात मारलं. सुटला! एका कल्ल्याचं टोक तुटलं, भरून घेईन.
पप्पा उभे राहून बघत होते. "कुठे शिकलीस?" म्हणाले. कुठे म्हणजे? पावसाळ्यात होड्या वर ओढल्या की फायबर मारायचं काम आपल्या घरात कोण करतं? लोकांना सांगतात, पोरगी मदत करते. मदत! काचेच्या धाग्यांची मॅट मी कापते, ती चिकटवायचं रेझिन मी कालवते, होडीच्या खाली आडवी होऊन मी मारते. आठवी पास झाले तेव्हापासून. हातांना खाज येते ती मदतीची नाही.

८ ऑक्टो.
पहिलं हेल्मेट मोल्डमधून निघालं. उचलवेना. मॅटचे चार थर मारून बसले होते, वर जाड मॅटची पट्टी कडेने. हात आपोआप तसेच चालतात, होडी खडकावर आपटली तरी फुटायला नको असं. पप्पांनी हातात घेतलं, "मासेमारीला पाठवणार का याला?" आणि पाण्याच्या पिंपात सोडलं. तरंगलं. सगळे हसले.
मला हसू आलं नाही. एक आठवडा गेला. या पहिल्याचं नाव धोंडा.

२२ ऑक्टो.
दिवाळी झाली. दोनच थर, पातळ मॅट. जमलं. हलकं, कडक, टिचकी मारली की टणटण.
दादाबरोबर बाइकवरून गुजरात सीमेवरच्या अच्छाडला गेले. ट्रकच्या सामानाचं दुकान आहे तिथून निळी लाइटपट्टी घेतली कल्ल्यांच्या आत लावायला. दुकानदार दादाला विचारतो, "गाडी कई छे?" कुठली गाडी म्हणून. पट्टी मी मागितली, व्होल्ट मी सांगितले, उत्तर दादाकडून हवं. दादा पण म्हणतो कसा, "स्पेशल गाडी छे." वर हसतो.
घरी आल्यावर त्याने घातलं. पट्टी लावली. आई दारातच थांबली, पप्पा खुर्चीतून उठले. मी बनवलंय हे. एवढंच लिहिते.

५ नोव्हेंबर, रवि.
स्पर्धेचा फॉर्म मोबाइलवर उघडला. दोन रकाने. घालणाऱ्याचं नाव. बनवणाऱ्याचं नाव. खाली नियम, दोन्ही नावं एकच पाहिजेत. जो घालणार त्यानेच बनवलेलं पाहिजे, परीक्षक स्टेजवर प्रश्न विचारणार.
दादा म्हणाला, "मग माझंच टाकू दोन्हीकडे. आपलं घरचंच तर आहे."
घरचंच.
आणि मी मूर्ख, हो म्हणाले. वर त्याला शिकवायला बसले! जेलकोट म्हणजे वरचा गुळगुळीत थर, रेझिनमध्ये हार्डनर किती टाकायचं, मॅट आधी की रेझिन आधी. तासभर. तो म्हणे, "हार्डनर लावून मग पॉलिश, बरोबर?" उंबरगावच्या कंपनीत सुपरवायझर आहे हा. शेवटी म्हणाला, "तू लिहून दे, मी पाठ करतो." लिहून दिलं. पान भरून. माझ्या अक्षरात, 'मी आधी शाडूचं काम केलं.'
'मी.' हात जळजळला लिहिताना.

६ नोव्हें.
घरात कोणी नव्हतं. आरशापुढे घातलं.
हेल्मेट खांद्यांवर टेकलं, डोळे काचेच्या खालच्या कडेशी. मान वळवली तर डोकं आत फिरतं, हेल्मेट तिथेच. बादली घातल्यासारखं. दादाचं डोकं केवढं आणि माझं केवढं.
काढून मांडीवर घेऊन बसले. मग जे आलं मनात त्याने स्वतःलाच दोन ठेवून द्याव्या वाटल्या. डोकं लागणार म्हटल्यावर मी थेट दादाकडे गेले. जूनमध्ये. कोणी सांगितलं नव्हतं. आई नाही, पप्पा नाही, दादा पण नाही. माझं डोकं घरातच होतं की! माझ्या मनातच आलं नाही.

१९ नोव्हें.
भांडण. मोठं. शेजारच्या काकी भिंतीपलीकडे गप झाल्या, म्हणजे ऐकत होत्या.
जेवताना सांगितलं, फॉर्मवर माझं नाव. मी घालणार.
दादा: "तू? मुंबईला? स्टेजवर, एवढ्या पोरांत?"
हो.
"आणि तांडेल बाई असते का कुठे?"
म्हटलं, ग्रह माझा आहे. माझ्या ग्रहावर असते.
तो हसला, तेच ते कोपऱ्यातलं हसू. मग चिडला. कंपनीत सगळ्यांना सांगितलंय, रजा टाकलीय, फोटो दाखवलेत. मी विचारलं, काय सांगितलंस, कोणी बनवलं? ताटाकडे बघत बसला.
पप्पा म्हणाले, "अगं त्यात काय, आतून स्पंज भर, तुलाही होईल. दोघं आलटून पालटून घाला."
स्पंज भरून दुसऱ्याच्या डोक्यात राहायचं. नको. पाच आठवडे आहेत. नवीन करेन, माझ्या मापाचं. दादाचं त्याला ठेवा. शोभेला. पण नाव माझं जाणार.
ताट तसंच टाकून उठले. आईने भात झाकून ठेवला.

२६ नोव्हें., रवि.
अडचण एकच. स्वतःच्या तोंडावर पट्ट्या स्वतःला लावता येत नाहीत. दादा बोलत नाही. पप्पा चिखले गावाला गेलेत, कोणाच्या होडीला भोक पडलंय. राहिली आई.
म्हटलं, येतेस का? मला वाटलं ओरडेल. तिने हात धुतले, दोनदा. पिशवी माझ्या केसांवर बांधली. खरंच वास मारते. दादाला सांगणार नाही.
"श्वास येतो ना?" दर पट्टीला विचारत होती. मासे साफ करते तशी भराभर, पण नाकापाशी आल्यावर हात हळू झाला तिचा. ओठांवर पट्टी बसली, माझं बोलणं बंद.
तेव्हा बोलायला लागली.
"आता ऐकून घेशील म्हणून सांगते. एरवी तू बोलू देत नाहीस. दादाने फॉर्म भरला. बुधवारी. दोन्हीकडे त्याचंच नाव टाकलं. पप्पांना माहीत आहे. मला काल कळलं."
मी उठायला गेले. तिने मानेला धरलं.
"हलू नको. फुकट जाईल सगळं."
वीस मिनिटं. प्लास्टर गरम होत जातं, कोणी सांगत नाही हे. स्ट्रॉमधून माझा श्वास शिट्टीसारखा वाजत होता. दादाला किती शिव्या दिल्या आतल्या आत, पप्पांना पण. एकही बाहेर नाही. आणि मी हलले नाही. एकदाही नाही.
आईने दुसऱ्या हाताने स्ट्रॉला आधार दिला. मग म्हणाली, "तू पण भर ना तुझा. तुला काय कोणी धरलंय?"
हात तिचा मानेवरच होता.

२७ नोव्हें.
पीओपी निघालं. बघितलं आणि बसलेच. नाक माझं, ओठ घट्ट मिटलेले, आणि कपाळावर आठी. दोन भुवयांच्या मधली, खोल, उभी. छापली गेलीय अख्खी. एवढा वेळ घालून बसले होते म्हणजे.
दादाच्या डोक्याशेजारी ठेवलं. ते हसतंय.
दादा कामावरून आला, बघितलं, आत गेला. फॉर्मबद्दल त्याने काढलं नाही, मी पण नाही. माझा फॉर्म मोबाइलवर उघडा आहे. एका घरातून दोन तांडेल, दोघंही म्हणणार मी बनवला. परीक्षक विचारतील तेव्हा तो माझंच पान पाठ म्हणणार, माझ्यासमोर. म्हणू दे. बघतेच त्याचं तोंड कसं होतं. की मीच ऐनवेळी गाडीतून परत फिरेन, माहीत नाही.
आई मीठ-मिरची घेऊन आली. आधी माझ्या डोक्यावरून ओवाळली, मग दादाच्या. टॉवेल टाकला नाही. जाताना म्हणाली, "ती आठी तेवढी घासून काढ. बरी नाही दिसत."
नाही काढणार. शाडू भिजत घातलाय.