तपकिरी भिंतीचा दुसरा हात

३ मार्च, सोमवार

तपकिरी! बाहेरच्या खोलीच्या चारही भिंती गडद तपकिरी करायच्या, असं हिच्या डोक्यात शिरलंय. "तुम्ही कारखान्यात बुटांना द्यायचात ना, तसला ऊबदार."

म्हटलं, घर आहे की बुटाचं खोकं?

"एकतीस वर्षं तोच रंग चोळत होतात. तेव्हा बरा दिसायचा!"

दिसायचाच. साहेब जोड समोर धरायचे, मी लांबूनच सांगायचो — डाव्याला रंगाचा एक हात कमी पडलाय. कधी चुकलो नाही.

५ मार्च, बुधवार

ही वही बुटांच्या खोक्यात असते, हिला ठाऊक नाही. म्हणून इथेच लिहितो. डोळे जास्तच बिघडलेत. सगळं धुरकट. पांढऱ्या भिंतीवर पांढरं बटण — चाचपत बसतो. ही आली की भिंतीला टेकून उभा राहतो, जशी काही पाठ धरलीये.

कळलं तर मुलगा येऊन घेऊन जाईल. त्याच्याकडे सोळाव्या मजल्यावर खुर्चीत बसवून ठेवतील. "बाबा, उठू नका." इथे निदान पावलं मोजलेली आहेत. पलंग ते दार, नऊ.

आणि आता भिंती काळोख्या करणार. मग मी आपटणारच. लपवू किती?

६ मार्च, गुरुवार

रंगारी आला. भिंतीच्या भेगांत लांबी भरली, घासली, घरभर धूळ. हिचे आणखी नखरे — दारं, चौकटी, बटणांच्या पट्ट्या, सगळं पांढरं शुभ्र हवं म्हणे. म्हटलं, करायचं तर सगळंच तपकिरी कर! हिने ऐकायलाच आलं नाही, असं दाखवलं.

८ मार्च, शनिवार

पहिला हात झाला. गुहा! जीव घाबरा झाला.

ही भाजीला गेल्यावर रंगाऱ्याला गाठलं. मागच्या वेळचा पांढऱ्या रंगाचा एक न उघडलेला डबा माळ्यावर आहे. म्हटलं, दुसऱ्या हाताच्या वेळी अर्धा त्यात ओत. बाईंना सांगू नकोस.

"काका, शेजाऱ्यांनाही नाही सांगणार," म्हणाला. हसत होता बहुतेक.

चोरटेपणा झाला. पण करणार काय?

९ मार्च, रविवार

रंगासाठी माझा पलंग बाहेरच्या खोलीच्या मधोमध ओढलाय. नऊ पावलांचा हिशेब कोलमडला. नडगी फुटली. हिला सांगितलं, डास चावला.

"केवढा होता?"

दमलो.

११ मार्च, मंगळवार

दुसरा हात वाळला. उजळला की! दूध जास्त पडलेल्या चहासारखा. पांढऱ्याने काम केलं. रंगाऱ्याची पाठ थोपटली. नजर धुरकट असेल, पण रंगाची पारख अजून शाबूत आहे माझी!

आणि एक नवल — बटण एका झटक्यात सापडलं. दारही चौकटीसकट दिसतंय. हे सगळं त्या अर्ध्या डब्यामुळे. हिला म्हटलं, बघ, तुझा गडद रंग वाळून कसा फिका पडला.

ही माझ्याकडे बघत होती, असं वाटलं.

१२ मार्च, बुधवार

सकाळी न्हाणीघरात पायाला काहीतरी लागलं. पांढऱ्याचा डबा. उचलला तर भरलेला. झाकणावरून बोट फिरवलं — उघडलेलंच नाही!

रंगारी शिडी बांधत होता. त्याला धरलं. "काका, मी काकूंना विचारलं. त्या म्हणाल्या, त्यांना हो म्हण आणि डब्याला हात लावू नकोस."

म्हणजे भिंतीवर तोच पहिला गडद रंग. आणि मी काल फिका म्हणून पाठी थोपटत होतो. एकतीस वर्षांची पारख!

ही स्वयंपाकघरात होती. ओरडायला गेलो होतो. तोंडातून निघालं एवढंच — "कधीपासून माहीत आहे?"

"वर्ष झालं, कप टेबलावर न ठेवता हातात देते. लाडाने देत होते, असं वाटलं?"

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले. नाही सांगितलंत. मग रंगारी बोलावला. पांढरं बटण पांढऱ्या भिंतीवर कुणाला दिसणार हो?"

बसलो. विचारलं, मुलाला सांगितलंस?

"नाही. उद्या दहाला डोळ्यांच्या डॉक्टरकडे चला. नाही आलात तर सांगेन."

उद्या जातो. ओळी एकमेकींवर चढतायत. पुरे.

१४ मार्च, शुक्रवार

आजपासून मी सांगणार आणि ही लिहिणार. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली राखू. मुलाला मीच फोन केला. सांगितलं, इथेच राहणार. इथे मला भिंती दिसतात.

मग हिला म्हटलं, ही वही बुटांच्या खोक्यात असते बरं का. मागची पानं वाचू नकोस.

म्हणाली, "अहो, सोळाव्या मजल्याचं, नऊ पावलांचं — कप हातात देऊन कळतं का हे सगळं? हेही लिहू?"

लिही.