मनू कसलीच तयारी करत नाहीये

१९ एप्रिल
मनूला सोडायला दादा पुण्याहून आला. लेकीला माझ्या हवाली केलं आणि चहा अर्धा टाकून परत. इंजिनीअरिंगचा पेपर चालू असताना उठून आली, हॉस्टेलच्या खोलीत दार लावून बसली, तेव्हापासून ही अशी. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय : झोप, सकाळचं कोवळं ऊन, हाताला हलकं काम. आणि 'पुढे काय' असं कुणी विचारायचं नाही. पहिल्या तीन गोष्टी जमतील. चौथी आमच्या खानदानात आजवर कुणाला जमलेली नाही.

२१ एप्रिल
आमचे श्री. पहिली पाळी करून दुपारी ओझरहून आले तरी मनू झोपलेलीच. "उठवू का?" म्हणाले. म्हटलं, स्वतः कारखान्याच्या बसमध्ये तोंड उघडं टाकून झोपता, तेव्हा कुणी उठवतं का?

२४ एप्रिल
सकाळी मनूने मोगऱ्याला पाणी घातलं. न सांगता. कैऱ्या किसल्या, अर्ध्या मीठ लावून तिथेच खाल्ल्या. आणि संध्याकाळी मी एकलहऱ्याच्या ऑफिसातून येते तर गॅलरीत उभी. खाली कॉलनीच्या पोरांचं क्रिकेट, म्हणजे मुख्यतः भांडण. रनआउट होता की नव्हता. वरून मनूने बोट वर केलं. एक चिमुरडी कमरेवर हात ठेवून, "ताई, नक्की बघितलं ना?"
"नक्की."
इतकं ठाम ती गेल्या कित्येक आठवड्यांत बोलली नव्हती. आता रोजची अंपायर. चेहऱ्यावर रंग आला. एक शिवीही ऐकू आली, सौम्य. मी ऐकली नाही असं ठरवलं.

२७ एप्रिल
वरच्या मजल्यावरच्या निकम वहिनी गेटशी भेटल्या. भाची दिवसभर घरात काय करते, कॉलेज नाही का, वगैरे. आणि मी, जी दरवर्षी दिवाळी अंकात अख्ख्या गावाच्या खोट्या प्रतिष्ठेवर लेख पाडते, ती मी म्हणाले, "स्पर्धा परीक्षेची तयारी करतेय."
जीभ घसरली ती वंगण घातल्यासारखी. वहिनींनी जिन्याकडे पाहिलं ते अशा आदराने, जणू लाल दिव्याची गाडी खाली लागलीच आहे.

३० एप्रिल
फळं मिळू लागली. खोकंभर जुनी गाइडं, वहिनींच्या पुतण्याची. तो दोनदा बसला आणि आता इथेच द्वारका चौकात मोबाइलची कव्हरं विकतो, हे त्यांनी सांगितलं नाही, मला ठाऊक आहे. वहिनी मिक्सर आता आमच्या सोयीने विचारून लावतात. सगळ्यात वाईट : 'वर ताई अभ्यास करतात' म्हणून पोरांना पटांगणातून हाकललं. मागच्या बोळात खेळतात बिचारी. गॅलरीतून दिसत नाही.
मनू परत पलंगावर. भिंतीकडे तोंड.
दादाला फोनवर सांगितलं. म्हणाला, बरं केलंस, मीही इथे सोसायटीत सांगितलंय की नाशिकला इंटर्नशिप करतेय. म्हणजे पोरगी काही न करता एकाच वेळी दोन ठिकाणी कामाला. थकणार नाही तर काय.

२ मे
पोरं का येत नाहीत, हे तिला शेवटी सांगितलं. ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे आता मी दोन परीक्षांत नापास होणार."
जेवली नाही. मी म्हटलं, उद्याच जाऊन खरं सांगते वहिनींना.
"नको आत्या. तू परत काहीतरी छान सांगशील."
लेखकाला इतकं नेमकं परीक्षण सहसा मिळत नाही.

५ मे
गच्चीवर निकम वहिनींच्या कुरडया. उन्हाच्या आत घालायच्या म्हणून सहालाच सगळ्या बायका वर. मनू आपण होऊन आली. मला वाटलं गरम चीक खायला. खाल्लाही, वाटीभर, साखर घालून. मग वहिनींच्या हातातला सोऱ्या घेतला. पहिली कुरडई अशी पडली की नकाशात दाखवता आली असती.
वहिनी म्हणाल्या, "राहू दे गं, तुझा अभ्यास मोडेल. आमचं काय, आम्ही रिकाम्या."
मनूने प्लास्टिकवरून नजर उचलली नाही. "काकू, मी कसलीच तयारी करत नाहीये. मला कॉलेजात फार ताण आला होता. पेपर सोडून आले. बरी व्हायला इथे आलेय."
बायका माझ्याकडे बघत होत्या, मी पाण्याच्या टाकीकडे.
वहिनींनी सोऱ्यात चीक भरला आणि तिच्यापुढे केला. "मग दाब जरा जोर लावून. आणि ती गाइडं परत पाठव, रद्दीवाला येतोय."
बस. एवढंच. मी तीन दिवस भाषणाची जुळवाजुळव करत होते.

८ मे
पोरं पटांगणात परत. मनू आता खाली उतरून अंपायरिंग करते, म्हणजे वाद समोरासमोर.
वहिनी दुपारी ताटलीत पापड घेऊन आल्या. बराच वेळ पापडांवर बोलल्या. मग मनूला हळूच, "त्या डॉक्टरीणबाईंचं नाव दे. माझ्या ओळखीची एक बाई आहे, तिला लय दिवस झोप नाही." मनूने नाव दिलं. त्या बाईचे डोळे गेले महिनाभर सुजलेले मी जिन्यात रोज बघते आहे. मी काही विचारलं नाही. शिकतेय.

११ मे
दादा आला. मनूने आंब्याचा रस केला, गुठळ्यांसकट. तिची फेरपरीक्षा, वर्ष वाया वगैरे शब्द त्याच्या ओठांपर्यंत येऊन परत जाताना दिसत होते. मी दर वेळी पोळी वाढत होते. सहा खाल्ल्या त्याने.
निघताना बूट घालता घालता मला म्हणाला, हलक्या आवाजात, की सोसायटीत विचारतात, इंटर्नशिप किती दिवसांची. आता काय सांगू?
मनू आतून आली. "खरं सांगा बाबा. नाहीतर मी तिकडे आले की तुमचं नाटकही मलाच सांभाळावं लागेल."
तो लेस बांधत राहिला. एकच गाठ, पुन्हा पुन्हा सोडून.
"सगळ्यांना?"
"सगळ्यांना नको. जोशीकाकांना सांगा. बाकीचं ते करतील."
हसला. बऱ्याच दिवसांनी. मग म्हणाला, "बघतो. जमलं तर."
गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत ती गेटशी उभी होती. वर आल्यावर तिने फोन टेबलावर ठेवला, आवाज चालू करून. आता नऊ वाजत आले. पुण्याला पोचला असेल. जोशी त्या वेळी सोसायटीच्या गेटजवळच फिरत असतात.