कस्तुरीची वही

६ जानेवारी, सोमवार

मुलगी आली. कस्तुरी नाव. शहराबाहेरच्या बेटम्याहून येते, दोन बस बदलून. नऊची वेळ दिली होती, मी पोचले तेव्हा ती साडेआठपासून पायरीवर बसलेली. वीस वर्षांची आहे, पण बसलेली दहावीच्या पोरीसारखी, दप्तर मांडीवर.

नगर निगमच्या इंटर्नशिप योजनेत दिवाकरजींनी डिसेंबरातच आमच्या छपाईच्या प्रेसचं नाव घातलं होतं. तीन महिने मुलीचे पैसे निगम देणार, आपण काम शिकवायचं. मालक म्हणून त्यांना वाटलं, फुकट हात मिळतोय. योजनेच्या विनीताजी करार करायला आल्या तेव्हाच त्यांना म्हणाल्या, "साब, हात हवा असेल तर दुसरीकडून आणा. इथे शिकवणारा पाहिजे. म्हणून तर मेंटरचं नाव लिहून घेतो." मेंटर म्हणून माझं नाव लिहिलं. डिझाइनचं टेबल माझंच.

खरं लिहिते. मला फक्त एवढंच वाटलं होतं की ऑफिसात कोणीतरी येईल. लेक अनुष्का बंगलोरला गेल्यापासून घरी मी एकटीच, इथे डबाही एकटीच खाते.

१० जानेवारी, शुक्रवार

पहिल्या आठवड्याचा फॉर्म भरला. मुलीला आज काय काय येतं, पाचपैकी गुण. तिला फाइल सेव्हसुद्धा करता येत नाही. पण पोरीच्या नावापुढे एक, एक, शून्य असं लिहायचं कसं? आपल्याकडे कोणाच्या लेकीबद्दल कागदावर वाईट लिहीत नाहीत. आई नेहमी सांगायची, बोललेलं विरून जातं, लिहिलेलं राहतं. चार-पाच, चार-पाच करत सगळा भरून टाकला.

कस्तुरी वाकून बघत होती. म्हणाली, "मॅडम, पर हे तर मला येत नाही."

"येईल गं," म्हटलं.

२३ जानेवारी, गुरुवार

शेवेच्या पाकिटांची घाईची ऑर्डर. कंप्युटरवर लेबलाचा मजकूर लावायला कस्तुरीला बसवलं होतं. एक ओळ लावायला तिला दहा मिनिटं. घामच फुटला बिचारीला. म्हटलं, राहू दे बेटा, मी करते. तिला चहा सांगायला पाठवलं.

परत येईना म्हणून खाली गेले तर रघुवीरच्या मशीनपाशी. रघुवीर कटिंगवाला, तोंडाचा फटकळ. तिच्या हातात पट्टी आणि तो ओरडतोय, "नजर कहाँ है तेरी? तिरकं गेलं. फिर से काट." बारा कागद वाया घालवले होते तिने. डोळे भरलेले.

मी तिला वर घेऊन आले. रघुवीरला म्हटलं, "भिया, मुलगी आहे, जरा सांभाळून."

"तो क्या आरती उतारूँ उसकी, वसुंधराजी? कटिंग शिकायला आली आहे ना?"

माणसाला मायेचा स्पर्शच नाही.

३ फेब्रुवारी, सोमवार

अनुष्काचा फोन नाही. कस्तुरीला बसमध्ये गारठा लागतो म्हणून माझी निळी शाल दिली.

१५ फेब्रुवारी, शनिवार

योजनेचा नियम आहे, मुलीने रोज वही लिहायची, आज काय शिकले ते. मेंटरने वाचून सही करायची. मी शनिवारी आठवड्याच्या सगळ्या सह्या एकदम करते. वाचत नाही. दुसऱ्याचं लिहिलेलं वाचू नये असं मला वाटतं. मी स्वतः लिहिते म्हणून असेल.

कस्तुरी वही उघडीच धरून उभी राहते. मी सह्या करते, मिटून तिला परत देते. आज ती थोडा वेळ तशीच उभी होती. विचारलं, "काय गं?"

"कुछ नहीं मॅडम."

घरची काळजी असेल. तिच्या आईचं म्हणणं, एप्रिलपासून योजनेची पुढची सहा महिन्यांची जागा मिळाली तरच ये-जा कर. नाही तर मामाच्या खताच्या दुकानात बसायचं, बिलं फाडत. पुढच्या जागेनंतर पक्की नोकरी मिळू शकते. तेव्हा सगळं त्या जागेवर आहे.

मिळेल. माझ्यासमोर बसलीय ती.

२ मार्च, रविवार

अनुष्काचा फोन आला. हसत सांगत होती, "आई, आज बँकेत फॉर्म भरताना मला रडू आलं. तेवीस वर्षांची घोडी मी! तू सगळं करूनच ठेवायचीस ना." मीही हसले. फोन ठेवल्यावर बराच वेळ गॅलरीत बसले. खाली विजय नगरची रविवारची गर्दी. कोणाशी बोलावं असं कोणी नाही.

१० मार्च, सोमवार

काय करून बसले मी!

विनीताजी तपासणीला आल्या. म्हणाल्या, पहिला फॉर्म आणि शेवटचा फॉर्म शेजारी ठेवतात. दोन्हींत जेवढा फरक, तेवढं शिकणं. त्यावर पुढची जागा. मग माझा जानेवारीचा फॉर्म समोर धरला. "ही तर पहिल्याच आठवड्यात सगळं जाणत होती, मॅडम. आता वर जायला जागा कुठे उरली? कागदावर मुलगी दोन महिन्यांत काहीच शिकलेली नाही."

मी म्हटलं, "अहो, मी चांगलं वाटावं म्हणून..."

"सगळेच असं करतात," त्या म्हणाल्या. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

कस्तुरी समोर स्टूलवर बसून लेबलांचे गठ्ठे बांधत होती. तिने सगळं ऐकलं. गठ्ठे बांधत राहिली.

१२ मार्च, बुधवार

दिवाकरजींना म्हटलं, मी पत्र देते, पहिला फॉर्म मी न पाहता भरला होता म्हणून. ते चष्मा पुसत राहिले. "चुकीचा फॉर्म भरला असं लिहून दिलं तर योजनेतून आपलं नाव जाऊ शकतं. पुढच्या वर्षी दोन मुलं मागणार होतो मी. एका मुलीसाठी? सोच लो, वसुंधराजी."

रात्रभर सोचलंच.

१९ मार्च, बुधवार

रंगपंचमी. प्रेस बंद. सगळं शहर राजवाड्याकडे गेरला, रंगांच्या मिरवणुकीला गेलंय. मी पत्र लिहायला बसले. चार वेळा फाडलं. पाचव्यांदा सरळ लिहिलं, मुलीला तेव्हा काही येत नव्हतं, आज येतं, दोष माझा.

विनीताजींना फोनवर वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "पत्राने भागणार नाही. तेव्हाचा पुरावा हवा. मुलीची वही आहे ना? रोजची तारीख, रोज तुमची सही. त्याहून पक्कं काय?"

वही! तिच्या घरच्यांना आता मीच समजावेन. कितीतरी दिवसांनी गोडाचं केलं, एकटीसाठी.

२१ मार्च, शुक्रवार

कस्तुरीकडे वही मागितली. तिने दप्तरातून काढली, पण पटकन सोडली नाही. "मॅडम, आधी तुम्ही वाचा," म्हणाली आणि खाली निघून गेली.

वाचली.

८ जानेवारी. "फाइल सेव्ह करणं जमलं नाही. मॅडमनी करून दिली."

२३ जानेवारी. "मजकूर लावत होते. मॅडम बोलल्या, राहू दे, मी करते. नीचे गेले. रघुवीर भियाने कटिंग दिली. बारा कागद बिघडले. तेरावा सीधा आला."

तेरावा सरळ आला होता. मी तर तिला बाराव्यावरच उचलून आणलं होतं. ती परत गेली असणार.

३० जानेवारी. "मॅडम बोलल्या, राहू दे." ६ फेब्रुवारी. "राहू दे." ७ फेब्रुवारी. "मॅडमनी पराठा दिला. काम नाही दिलं."

मग फेब्रुवारीभर जेवणाची सुट्टी संपायच्या आधीची पंधरा मिनिटं. "भिया खूप ओरडतात. पर माऊस माझ्या हातात देतात." खालच्या जुन्या कंप्युटरवर. तिथे ती मजकूर लावायला शिकली, रंग जुळवायला शिकली. ४ मार्चला मेथीच्या मसाल्याचं पूर्ण लेबल एकटीने लावलं. ते लेबल मला आठवतं. मी रघुवीरला म्हटलं होतं, छान झालंय, कोणी केलं? तो म्हणाला, "हो गया किसी से."

प्रत्येक पानाखाली माझी सही. सुबक, गोल.

मी मोजत बसले नाही, किती वेळा राहू दे. अनुष्काला मात्र फोन लावावासा वाटला. लावला नाही.

२२ मार्च, शनिवार

ही वही दिली तर कस्तुरीची जागा वाचेल. पहिल्या दिवशी काय येत नव्हतं आणि आज काय येतं, दोन्ही तिच्या अक्षरात आहे. आणि तीन महिने मी काय केलं तेही. निगमच्या ऑफिसात चार जण वाचतील.

नुसतं पत्र द्यावं, वही नको, असं सकाळी एकदा मनात आलं. लिहून ठेवते. आलं होतं.

२४ मार्च, सोमवार

दिवाकरजींनी वही चाळली. चाळता चाळता वेग कमी झाला. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "तुम्ही वाचली?"

"हो."

"तरी देताय?"

"तिची आहे."

त्यांनी पत्रावर शिक्का मारला. नाव जायचं तर जाईल, एवढंच बोलले.

दुपारी कस्तुरी डबा घेऊन नेहमीसारखी समोर बसली. मी माझी अर्धी भाजी तिच्या झाकणात काढली. तीच म्हणाली, "मॅडम, भाजी छान आहे." तिची नजर डब्यावर, माझीही. निळी शाल घडी घालून माझ्या खुर्चीच्या पाठीला टाकलेली होती. धुऊन आणली होती.

४ एप्रिल, शुक्रवार

जागा मिळाली. सहा महिने, आमच्याकडेच. मुलीने एकच विनंती लिहिली आहे, मेंटर बदलावा. नवीन नाव रघुवीरचं. फॉर्मवर जुन्या मेंटरची सही लागते.

या वेळी आधी वाचला. मग केली.